इंजिन बंद केल्यावर

४ जानेवारी

चि. वाटाड्यास,
अ. उ. आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात आणि मी गुडघ्यांच्या. पत्राचं कारण तुझे भाऊजी. जन्मभर गाडीच्या इंजिनाला कान लावून तिचं दुखणं सांगणारा मिस्त्री. आता त्यांचेच कान गेलेत, आणि ते त्यांना मान्य नाही. लेकीने हौसेने कानाचं यंत्र आणून दिलं, ते कपाटात देवासारखं बसून आहे. माणसं आली की हे मागच्या अंगणात जाऊन बसतात. काही विचारलं की हसून मान हलवतात. परवा शेजारीण सासू गेल्याचं सांगायला आली, तिलाही हसून छान छान म्हणाले. चूक कळली तेव्हापासून घराबाहेर पडलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, यंत्र असंच पडून राहिलं तर कान शब्द ओळखणंच विसरतील.

तू पाहुण्यांना देश दाखवत फिरतोस, यांनाही चार दिवस फिरव. मी येत नाही. जीपचे धक्के मला झेपायचे नाहीत, आणि मी बरोबर असले की मीच त्यांचे कान होते. यंत्र बॅगेच्या तळाशी ठेवते. कसंही करून ते कानाला लागू दे. उपदेश मात्र करू नकोस. तुझ्या उपदेशाने चांगले कानसुद्धा मिटतात.

माया आहे तशीच ठेव.
तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजी सुखरूप पोचले. सोबतीला एक निवृत्त मास्तरीणबाई आणि एक नवं जोडपं आहे. पहिल्या दिवशी शहर दाखवलं. संग्रहालयात जुन्या मूर्तींसमोर माझा आवाज आपोआप खाली येतो. भाऊजी प्रत्येक मूर्तीपुढे मान हलवत गेले, त्यात एक अग्निशामक नळकांडंही होतं. घंटाघर मात्र त्यांना फार आवडलं. बाराचे टोले ऐकून चेहरा उजळला, आणि एक वाजेपर्यंत थांबू या म्हणाले. एकला एकच टोला पडतो असं मी बोटाने दाखवलं, तरी थांबले. संध्याकाळी लोकनृत्याला ढोलवाल्याच्या शेजारची खुर्ची धरली. मास्तरीणबाई कानांत बोटं घालून बसल्या होत्या आणि हे ताल धरून. मला हसू येत होतं आणि आत कुठेतरी तुटतही होतं.

आज सकाळी जंगलात गेलो. माझी एक पद्धत आहे. आत शिरल्यावर मी इंजिन बंद करतो, सगळ्यांना डोळे मिटायला लावतो, आणि मग प्रत्येकाने आपण काय ऐकलं ते सांगायचं. बिबट्या दिसणं आपल्या हातात नसतं, जंगल ऐकणं असतं. इतक्या वर्षांत माझी ती प्रार्थनाच झाली आहे. सवयीने आजही तेच केलं. नव्या नवरीने मोर सांगितला, मास्तरीणबाईंनी सुतारपक्षी, आणि त्यांनी भाऊजींना खुणेने विचारलं. तोवर काय करून बसलो ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. भाऊजी म्हणाले, इंजिन बंद आहे.

मिस्त्रीबुवांनी विनोद केला असं वाटून सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. परत आल्यावर जेवायलाही खोलीतच बसले. चूक माझी, ताई. उद्या पुन्हा जंगलाची फेरी आहे. ते येतील असं वाटत नाही, आणि त्यांना बोलवायला माझं तोंड उघडत नाही. तू देवाजवळ शब्द टाक. माझ्यापेक्षा तुझं तो लवकर ऐकतो.

लोभाची पात्रता नसली तरी तो असू द्यावा.
तुझा वाटाड्या

२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कालचं पत्र पोचायच्या आत हे पोचलं तर बरं. आज आम्ही जीपपाशी गेलो तर भाऊजी आधीच पुढच्या सीटवर बसलेले, टोपी कानांवर ओढून. इंजिन सुरू केलं तशी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि बॉनेट उघडायला लावलं. पंख्याचा पट्टा सैल झालाय, चिरचिरतोय, तुला ऐकू येत नाही का, असं वर मलाच विचारलं. वाकले तेव्हा टोपीखालचं यंत्र दिसलं. पट्टा आवळून होईपर्यंत सगळे उभे होते, कुणी कुरकुरलं नाही.

जंगलात इंजिन बंद केल्यावर डोळे मिटा म्हणायला माझी जीभ वळेना. तर त्यांनीच आधी मिटले. बराच वेळ गेला. मग ते हळूच म्हणाले (हळू, ताई!) की कुणीतरी चरतंय, गवत तुटतंय. झुडपांपलीकडे हरणं होती. तो आवाज आम्हालाही येत होता, पण आवाज म्हणून आमच्यापैकी कुणी मोजला नव्हता. बिबट्या दिसला नाही. कुणी त्याची आठवणही काढली नाही.

आशीर्वाद असू द्यावा.
तुझा वाटाड्या

३ फेब्रुवारी

चि. वाटाड्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली, म्हणून रडणं आणि हसणं एका पदरात आटपलं. पाहुणा परत मिळाला, पण यंत्रासकट मिळाला हे सांभाळणं सोपं नाही. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. मी भांडी आपटते असं इतक्या वर्षांनी कळलंय. शेजारणीकडे स्वतः जाऊन आले. उशिरा का होईना, दुखवट्याला शोभेल असं तोंड करून बसले. तिनेच शेवटी हसून चहा दिला.

मुख्य राहिलंच. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढे बसून माझं नेहमीचं भजन म्हणत होते. हे दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं, पुन्हा कधीपासून म्हणायला लागलीस. मी म्हटलं, सोडलं होतं कधी, रोज म्हणते. तर हे खालीच बसले. मी गाणंच बंद केलंय असं त्यांना वाटत होतं रे. आपल्याकडून माझं मन दुखावलं असेल, विचारावं तरी कसं, म्हणून विचारलं नाही. एवढं मनात घेऊन माणूस अंगणात बसून होता, आणि मी कपाटातल्या यंत्रावर चिडत होते.

पुढचं म्हण म्हणाले. मी म्हणायला गेले तर गळ्यातून आवाजच फुटेना. यांनी डोळे मिटून थोडी वाट पाहिली, मग अगदी हळू म्हणाले, इंजिन बंद आहे.

पट्ट्याकडे लक्ष ठेव. माया आहेच, तिला गंज चढू देऊ नकोस.
तुझी ताई