बरणीतला ढग

सर,

फ्रिजमधल्या ट्रेतून बर्फ सुटत नाही, या अन्यायाविरुद्ध दाद कोणाकडे मागायची ते मला सकाळपासून कळलेलं नाही. ट्रे पिरगळला, ओट्यावर आपटला, नळाखाली धरला. शेवटी सुरी घातली, तर निघाला ट्रेचाच कोपरा. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या या झुंजीची नोंद इतिहास घेणार नाही, म्हणून तुम्हाला कळवते. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, वेळ असेल.

बर्फ सरबतासाठी नको होता. माझ्या विनोदी लेखांचं पुस्तक निघतंय. त्यात तुमच्यावरचा लेख आहे, आणि प्रुफं उद्या परत द्यायचीत. एकदा पुस्तकात गेलात की तुम्ही कायमचे तसेच राहणार, आणि तुम्ही तसेच राहावेत अशी माझी फार इच्छा आहे. आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे मी मवाळ झाले असं वाटेल तुम्हाला.

ऐंशीच्या दशकातली अंबरनाथची शाळा, आमची आठवी. विज्ञान प्रदर्शनासाठी वर्गातून एकच प्रयोग तालुक्याला जाणार होता, आणि मी ढग करून दाखवणार होते. बाबा कारखान्यात खाडा करून सायकलवरून उल्हासनगरला गेले. तिथल्या सिंधी बर्फवाल्याने लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून दिला, "बेटी के स्कूल का काम है? ले जाओ साईं." आईची लोणच्याची काचेची बरणी, तळाला थर्मासमधलं कढत पाणी, तोंडावर स्टीलची ताटली, ताटलीत बर्फ. वाफ वर जाते, गार होते, आणि धुराच्या बारीक कणांना धरून तिचे थेंब होतात. म्हणून चिमूटभर धूर लागतो. घरी एका विझवलेल्या काडीवर झकास जमलं होतं. शाळेत मात्र आधी तुमची प्रार्थना, मग तुमच्या सूचना, मग तुमची हजेरी. माझी पाळी येईपर्यंत ताटलीत नुसतं पाणी उरलं होतं.

तुम्ही बरणीवर वाकता. मोगऱ्याचा वास मागच्या बाकापर्यंत पोचलेला असतो. "काय गं, वरुणराजाला उदबत्ती ओवाळलीस?" वर्ग हसतो. "मग आरती कोण म्हणणार? चला रे, टाळ्या." आणि पन्नास पोरं सुरात आरती म्हणतात, मी दोन्ही हातांत बरणी धरून उभी, तुम्ही डस्टरने टेबलावर ठेका धरलेला. दाराशी बाबा आहेत, ओलं गोणपाट घेऊन. त्यांना वाटतं, शाळेत खरंच आरती चालली आहे. ते चपला काढतात आणि हात जोडतात.

त्यानंतर मी विज्ञानाचं पुस्तक फक्त पास होण्यापुरतं उघडलं. दहावीनंतर कॉमर्स घेतलं आणि नोकरी करता करता लोकांची टिंगल लिहायला शिकले. नव्वदच्या दशकात एका दिवाळी अंकात तुम्हाला गाठलं. नाव दिलं नव्हतं, पण डस्टर होता, ठेका होता, आणि वर एक वाक्य होतं: "ढगाला धूर लागतो हे ज्यांना ठाऊक नव्हतं, ते आम्हाला विज्ञान शिकवत होते." तुम्ही तेव्हा निवृत्त होऊन बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायला गेला होतात. अंक तिथे हातोहात फिरला. तुम्ही दूध आणायला निघालात की मागून पोरं आरतीच्या टाळ्या वाजवतात, असं कानावर आलं. मला आनंद झाला. अजून होतो.

मग एकदा बदलापूरच्या भाजीबाजारात तुम्हीच समोर आलात. पिशवीत मेथी. "छान लिहितेस गं," म्हणालात. "पण ताटली उचललेली विसरलीस."

"लेखाला जागा कमी होती, सर."

"असं होय," म्हणालात, आणि भाजीवालीशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालायला लागलात.

आरतीच्या आधी तुम्ही ताटली उचलली होती. "ढग असेल तर विरेल. बघू या." सगळा वर्ग माना उंचावून बघत होता. विरलं नाही. पुढचा तास अर्धा झाला तरी बरणीत ते करडं तसंच लोंबत होतं. बर्फ संपला म्हणून मी आत तीन उदबत्त्या विझवल्या होत्या.

ट्रेतला बर्फ एकदाचा सुटल्यावर आज दोन्ही करून पाहिलं. बर्फ आणि एक काडी: ताटलीखाली पांढरं घुसळलं, ताटली उचलताच काठावरून सांडलं आणि दिसेनासं झालं. बर्फाशिवाय तीन उदबत्त्या: माझा चहा पिऊन झाला तरी होतं तिथेच. खरं तर करून बघायची गरज नव्हती. तेराव्या वर्षीच मला कळलं होतं.

तर आता लेखात आरती तशीच राहील, ठेक्यासकट. बाबांच्या चपला तेव्हा लिहवल्या नव्हत्या. त्या आज घातल्या. त्याबद्दल तुम्हाला काही म्हणायचं असेल तर म्हणा. हे पत्र खणात राहील, प्रुफं उद्या जातील. बाबांना मी शेवटपर्यंत सांगत आले की ढग झाला होता, सरांना तो दिसला नाही. ते गेले तेही तसंच धरून.

तुमच्या अज्ञानाचं ते वाक्य मी लाल पेनाने खोडलं आहे. समासात लिहिलं आहे: "बरणीत धूरच होता. सरांनी ओळखला."