त्या एका गादीबद्दल

सिंदी (रेल्वे)
मंगळवार, १६ डिसेंबर २००८

चिरंजीव धीरज यास सदाशिवमामाचा पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहो, म्हणजे जेवून-खाऊन आहो. तुही मामी मंदाबाई तुही आठवण काढते, आपल्या पोरीची, प्रेरणाची, परीक्षा जवळ आली, अन् मी दुकानात बसून रस्त्याकडे पाहत राह्यतो. तुह्या कंबरेचं कसं आहे? भागीरथाताई (तुही आई, माही मोठी बहीण, चिठ्ठी भलत्याच्या हाती पडली तर त्यालेही समजावं म्हणून लिहिलं) फोनवर म्हणे का तू सकाळी भिंत धरून उठून राह्यला, अन् डॉक्टरनं फोटो काढून सगळा दोष कंपनीच्या खुर्चीवर टाकला. वाकून काही उचलू नको. त्या खुर्चीबद्दल मले थोडं बोलाचं आहे, पण ते शेवटी. हे पत्र घरी न टाकता तुह्या कंपनीच्या पत्त्यावर काऊन टाकलं, तेही शेवटीच सांगतो.

आता मुद्द्यावर येतो. वर्ध्याले फोमची शोरूम झाल्यापासून आपल्या कापसाच्या गादीले कोणी विचारून नाई राह्यलं. मागची लग्नसराई तर अशी गेली का पिंजाची मशीन जाम होऊ नये म्हणून मी घरच्याच उशा दोनदा पिंजल्या. तेव्हाच सिंदी मेघेच्या बंडूजीले मी शब्द देऊन बसलो, का ही लग्नसराईही अशीच गेली तर होळीले दुकानाची चाबी तुह्या हातात. त्याले तिथं मोबाईलचं दुकान टाकाचं आहे. दर आठवड्याले येते, चहा पिते, अन् जाता जाता टेप काढून शटर मोजते. मागच्या आठवड्यातलं शटर या आठवड्यात वाढणार आहे का बाप्पा? पण मोजते. त्याच्याच धसक्यानं मी तुले फोन केलता, अन् तू म्हणाला, मामा, वेबसाईट टाकू.

पह्यलं पान मी एका बैठकीत लिहून धाडलं. 'आमचे येथे उत्तम प्रतीच्या गाद्या तयार मिळतील, एक वेळ अवश्य भेट द्या.' यात वाईट काय होतं ते मले अजून समजलं नाई (पाटीवर तीस वर्षांपासून हेच आहे), पण तू वापस केलं. म्हणाला, मामा, असं गूगलमध्ये कोणीच शोधत नाई. गिऱ्हाईक एकदम घ्याले येत नाई, पह्यले त्याले गरज पडते, मग तो चार ठिकाणच्या मालाची बरोबरी करते, मग कोणाकडून घ्यावं ते ठरवते, अन् या तिन्ही वेळेस त्याच्या मनात वेगळा प्रश्न राह्यते. ते प्रश्न गोळा करा, त्यायचे खरे उत्तरं लिहा, अन् एका उत्तरानंतर माणूस पुढं काय विचारन त्याचंही उत्तर तयार ठेवा. 'खरे' हा शब्द तू दोनदा म्हणाला, मी मोजला.

मी रजिस्टर आणलं अन् कामाले लागलो. दुकानात आलेला माणूस खरं काय ते विचारत नाई, तो भाव विचारते अन् पंख्याकडे पाह्यते. सिंदीतलं गूगल म्हणजे आपल्या समोरचा तानबाचा पानठेला. गादी घेणारा माणूस पह्यले तिथं थांबते, सुपारी तोंडात टाकते, इकडचं तिकडचं बोलते, अन् मग हळूच विषय काढते. म्हणून मी पंधरा दिवस तानबाच्या बाकावर पेपर तोंडापुढं धरून बसलो. (गावाले वाटलं मी प्रेरणासाठी पोरगा पाहून राह्यलो. पानठेल्यावर बसून चौकशी दुसऱ्या कशाची करते माणूस! शेजारच्या शोभाबाईनं तर आपल्या पुतण्याची पत्रिका मंदाबाईच्या हातात देऊन टाकली, ती वापस कराले मले तीन कप चहा प्यावा लागला.)

पह्यला प्रश्न, जुनी गादी पिंजून घेऊ का नवी करू. दुसरा, फोम उन्हाळ्यात तापते म्हणते, खरं का. हे सोपे होते. पण ठरवाच्या वेळेस शंभरातले ऐंशी लोकं एकच विचारत होते, अन् ते मले नाई, तानबाले. "काऊन गा तानबा, सदाशिवराव नव्यात जुना कापूस मिसळते का?" अन् तानबा चुना लावता लावता, मान वर न करता म्हणे, "नाई. कधीच नाई. या डोळ्यानं पाह्यतो मी रोज." तेवढं ऐकलं का माणूस रस्ता ओलांडून माह्या दुकानात. धीरज, मी पेपरमागं बसून हे पंधरा दिवस ऐकलं. माहं दुकान माह्या पाटीवर चालत नव्हतं, तानबाच्या जिभेवर चालत होतं, अन् मले पत्ता नव्हता. अन् खरं सांगतो, मले घाम फुटला, कारण एकदा मी मिसळला होता.

दोन दिवस जेवण गेलं नाई. शेवटी तुहा शब्द आठवला अन् प्रेरणाले लिहून दिलं. 'प्रश्न: सदाशिवराव जुना कापूस मिसळतात काय? उत्तर: नाही. एकदा मिसळला होता. मे २००४ मध्ये, एका गादीत, अडीच किलो. त्याआधी नाही, त्यानंतर नाही.' प्रेरणानं टाईप करून तुले धाडलं अन् तू न वाचताच चढवून दिलं. वाचलं असतं तर मले फोन केला असता. तू फक्त लिहिलं, 'मस्त मामा, असंच खरंखरं लिहा.'

चौथ्या दिवशी रोहण्याचे रूपराव जीप घेऊन हजर. त्यायच्या पोरानं नागपुरात ते पान वाचलं अन् बापाले फोन केला, अन् त्यायच्या पोरीची गादी नेमकी मे २००४ ची. पोरीच्या सासरी जाऊन, पोरीले उठवून, तिच्या अंगाखालची गादी जीपवर बांधून आणलती त्यायनं. म्हणे, खोला. मी ब्लेडनं शिवण उसवली. तुले तर माहीत आहे, आपल्या इकडे कोणालेही कापूस दाखवा, तो चिमटीत धरून धागा ओढते अन् कोणत्या वावरातला ते सांगते. रूपरावनं धागा ओढला, उजेडात धरला, पुन्हा ओढला. म्हणे, चोख आहे. मले वाटलं सुटलो. तोच मागून कौशल्याबाईची बैलबंडी उभी, तिच्यावर गादी!

त्या महिन्यात ज्यायनं ज्यायनं गाद्या नेल्या ते सगळे आले. पाच दिवस दुकानात गाद्या फाडण्याशिवाय धंदा नाई. बघे वेगळे, त्यायचंही धागे ओढणं सुरू, माह्या मिशीत, चहात, देवाच्या फोटोवर कापूसच कापूस. अठरा गाद्या खोलल्या, अठराही चोख. अन् मी हुशार माणूस, आनंदाच्या भरात बोलून गेलो का त्या महिन्यात एकोणीस झालत्या!

रूपराव म्हणाले, "सदाशिवराव, खरं लिहिलं म्हणून तुमच्यावर राग नाई. दुसऱ्या पोरीचं लग्न आहे फाल्गुनात, तीन गाद्या लागतात, त्या तुमच्याच कडून नेईन. पण एकोणिसावी कोणाची ते सांगा. नाव लपवता म्हणजे अजून काही लपवत असान." बाकीचे सतरा म्हणाले, आमचंही तेच. येत्या सोमवारपर्यंत नाव त्या पानावर नाई आलं तर सगळे वर्ध्याच्या शोरूमले जाणार, अन् आपल्या गणगोतालेही नेणार.

पण रूपरावपेक्षा तानबाचं जास्त लागलं. तो आता बोलत नाई. गिऱ्हाईक विचारते तर म्हणते, "मले माहीत नाई, त्यायलेच विचारा." काल मी पान घ्याले गेलतो तर त्यानं पान दिलं अन् तोंड फिरवलं. वीस वर्षं तो माह्यासाठी शपथ घेत राह्यला, त्याले मी काय म्हणू? फार लाज वाटली रे. नाव सांगितल्याशिवाय त्याचं तोंड माह्याकडे वळत नाई. अन् बंडूजी काल टेपासोबत सुतारही घेऊन आलता.

ताईले नमस्कार. सूनबाईले, आकांक्षाले, आशीर्वाद सांगजो, पण हे पत्र दाखवू नको.

तुहा मामा,
सदाशिव

ता. क. : ती एकोणिसावी गादी तुही. तुह्या लग्नातला मामाचा आहेर. तारीख आठ दिवसांवर, जिनिंग बंद, चांगला कापूस अडीच किलो कमी पडला, अन् मंदाबाई म्हणे, घरचंच पोरगं आहे, कुठं बोलाले येते! परक्याले मी कधी फसवलं नाई, भाच्याले फसवलं. आता खुर्चीले शिव्या देऊ नको, ती बिचारी निर्दोष आहे. तर सोमवारच्या आत तुहं नाव त्या पानावर टाकाची परवानगी दे.

दुसरा ता. क. : घरच्या पत्त्यावर टाकलं नाई कारण आकांक्षानं तुमच्या बिल्डिंगमधल्या दोन बायायले 'आमच्या मामांच्या हातची गादी' म्हणून माही शिफारस केलेली आहे. गादी ट्रान्सपोर्टनं धाडून दे, या वर्षीचा नवा कापूस भरून देतो. तोवर जमिनीवर झोपजो, कंबरेले बरं वाटन.

तिसरा ता. क. : आता तूच सांगितलं होतं का एका उत्तरानंतर माणूस पुढं काय विचारन त्याचंही उत्तर तयार ठेवा. गादी धीरजची म्हटलं का रूपराव विचारणारच, जुना कापूस आला कुठून. तेही उत्तर मी खरंखरं लिहून ठेवलं आहे. तू सात वर्षांचा होईपर्यंत उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे यायचा अन् एका विशिष्ट गादीवर झोपायचा, अन् ती गादी आम्ही रोज सकाळी गच्चीवर वाळत घालत होतो, ती तुले आठवत असन. परवानगी लवकर दिली तर एवढं एक उत्तर मी 'घरचाच कापूस' म्हणून आटोपतं घेईन.