तुपाचा आवाज

माय, माझ्या कानामागे, कातडीच्या आत, आता एक यंत्र बसवलेलं आहे. वरून एक चकती लावायची, ती लोहचुंबकाने डोक्याला धरून राहते. झोपताना काढली की मी ठार बहिरी, सकाळी लावली की माणसं डब्यात बसून बोलल्यासारखी बोलू लागतात. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस आणि म्हणाली असतीस, "आता काय डोक्यातच रेडिओ बसवला का वं?" मी तुझ्या आठवणीने गहिवरून वगैरे लिहायला बसलेले नाही. मला शिसारी आली आहे. ती कोणाला सांगावी म्हणून पाहिलं, तर समजेल असं माणूस तूच निघालीस.

हे यंत्र बसवायच्या आधी मुलाने मला विसरण्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर तरुण, तोंडाला मास्क, नजर कॉम्प्युटरवर. त्याने मला काही शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने तेच परत विचारले. मास्कमागून जे आलं ते शब्द आहेत हेच मला कळलं नव्हतं, मग परत काय देऊ, माझं कपाळ? मुलगा बाजूला बसून मान हलवत होता. घरी आल्यावर तो सुनेला काय म्हणाला ते मी त्याच्या ओठांवरून वाचलं. आईची मेमरी गेली. वाक्य तेच होतं, माय, तुझ्या वेळचंच, पुण्यात येऊन इस्त्री केलेलं. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी आधी कान तपासले. माझ्यासमोर बसून, तोंड उघडं ठेवून त्यांनी सांगितलं की ज्याला ऐकू येत नाही ते माणूस दिवसभर शब्द पकडण्यातच दमून जातं, लक्षात ठेवायला बळ उरत नाही. ऐकू यायला लागलं की कित्येकांची आठवण सुधारते, सगळ्यांची नाही, पण कित्येकांची. मुलगा हे आता चारचौघांत असं सांगतो, जणू शोध त्यानेच लावला. त्या बोलत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे तुझं तुपाचं काळं पडलेलं पातेलं होतं.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. बाबांचे थोरले भाऊ, आपले मोठे बाबा, अजूनही राजधानी म्हटलं की नागपूरच म्हणायचे. वरवट गावातल्या आपल्या त्या घरात बाहेर मोठ्या बाबांचं चालायचं आणि चुलीपाशी त्यांच्या बायकोचं, मोठ्या मायचं. तू नवी नवरी होऊन आलीस तेव्हा तूप कढवायला तिनेच तुला शिकवलं होतं. चुलीकडे पाठ करून ज्वारी निवडत बसायचं आणि कान तुपाकडे ठेवायचा. आधी चरचर, मग बारीक बुडबुड, आणि आवाज थांबला की लगेच उतरवायचं. वर्षानुवर्षं तू असंच कढवलंस, आणि त्या वर्षांत तुझे कान हळूहळू गेले. तुझं तुलाच किती कळलं होतं कोण जाणे. पोळ्याचा आदला दिवस आहे. कितीतरी दिवसांचं साठवलेलं लोणी चुलीवर आहे, तू पाठ करून ज्वारी निवडते आहेस, आणि घरभर जळका धूर होतो. मोठी माय धावत येते. "चुलीवर तूप ठेवलं, हे बी याद नाही राह्यलं हिले. डोकं गेलं हिचं." तू म्हणतेस, "याद होतं मले. त्याचा आवाज आला नाही." मोठी माय सगळ्यांकडे वळून हसते. "तुपाले काय आवाज असते?" ज्या बाईने स्वतः जन्मभर कानाने तूप उतरवलं, ती हे म्हणाली.

त्या दिवसापासून तुला चूल बंद झाली. पडवीत बसून ज्वारी पाखडायची आणि कोणी भाकरी दिली की खायची. पाठीमागून कोणीतरी हाक मारायची, तू वळली नाहीस की म्हणायचं, पाहा. हा पोरांचाही खेळ झाला होता, आणि मोठी माणसं तो पाहून हसत. कोणी सांगितलं म्हणून कानात लसणाचं कढत तेल झालं, कोणी सांगितलं म्हणून गोमूत्र झालं. मग एक भगत आणला. तो तुझ्या मागे उभा राहून विचारत होता, "कोन हायेस तू?" तुला ऐकू येत नव्हतं म्हणून तू गप्प, आणि तू गप्प म्हणून आत कोणीतरी हट्टी बसलेलं आहे असं ठरलं. मिरच्यांची धुरी आणि पाठीवर कडुलिंबाचे फोक. तू खोकत होतीस, नाकातोंडातून पाणी येत होतं, आणि अर्धं गाव ते पाहायला दारात उभं. तुझ्या अंगावर कोणी काही टाकलं की मी पुसत होते, मला पुसायचं तेवढंच कळत होतं. थू त्या सगळ्यांवर.

बाबांनी मात्र अकोल्याहून तुला कानाचं मशीन आणलं. आजच्यासारखं नव्हे, काड्यापेटीहून मोठी पेटी, पोलक्यात ठेवायची आणि वायर पदराखालून कानात. ते आणलं त्या दिवशी मी बाबांना देव समजत होते. त्याच संध्याकाळी बाबा आणि मोठे बाबा जेवायला बसले, मोठी माय वाढत होती, तू दाराच्या चौकटीला टेकून, पेटी चालू. तुझ्यासमोर आवाज खाली करायची कोणाला सवयच राहिली नव्हती. मोठी माय भाकरी वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी, आता हिच्यात काही राह्यलं नाही. घराले बाई पाह्यजे. दुसरी पाहा." बाबांनी घास मोडला. "पाहू. मशीननं फरक पडला नाही, त पुढच्या साली पाहू." तू हललीसही नाहीस. मग तुझ्या त्या सपाट, मोठ्या आवाजात बोललीस. "पुढच्या साली काऊन? उद्याच आना." तू मोठ्या मायकडे पाहिलंस. "आन् तुपाले आवाज असते, बाई. तुमीच त शिकवलं मले."

दुसरी कोणी आली नाही, आणि चूल तुला परत मिळाली. तूप कढवताना तू मग पातेल्यावरून नजर काढत नसायचीस. त्या पेटीचे सेल अकोल्यालाच मिळायचे. ते संपले आणि बाबांनी पुन्हा आणले नाहीत. मी तुला खुणेने विचारलं, आता हे कशाला घालतेस? तू हसून म्हणालीस, "त्यांले कुठं माहीत हाय?" मरेपर्यंत तू ती बंद पेटी पोलक्यात घालून घरात वावरलीस, आणि तुझ्यासमोर पुन्हा कोणी तोंड सोडलं नाही.

हे सगळं तुला वाचून दाखवायलाही कोणी नाही. तुला अक्षर येत नव्हतं, आणि कोणी वाचलं असतं तरी ऐकू आलं नसतं, त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. पण कालचं सांगते. काल मी तूप कढवायला ठेवलं आणि पातेल्याकडे न बघता, डोळे मिटून ओट्याशी उभी राहिले. यंत्रातून आवाज आला, माय. आधी चरचर, मग बुडबुड. मला रडू येणार होतं. तेवढ्यात मागे टेबलावरून मुलगा सुनेला म्हणाला, "मशीनचं करून बघितलं. डोक्यात फरक नाही पडला, तर पुढच्या वर्षी बघू कुठेतरी. चांगल्या सोयी असतात हल्ली." सून म्हणाली, "हळू बोल." तो म्हणाला, "पाठ असली की तिला काही कळत नाही गं."

तुपाचा आवाज थांबला. मी गॅस बंद केला. तूप अगदी वेळेवर उतरलं होतं, स्वच्छ, पिवळंधमक. 'उद्याच ने' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी वळले, काहीच ऐकलं नाही असं तोंड केलं, आणि त्याच्या पोळीवर तूप वाढलं. नेहमीपेक्षा जास्तच वाढलं, माय.