जुडा मक्काबीची तलवार मी पाडली त्याची हकिगत

एलात,
रविवार, २२ डिसेंबर १९६३

तीर्थरूप नेहेमियामामा यांस,

रिबेकाचा शालोम आणि हातबोशी. (इतक्या लांबून तुमचे हात कसे धरणार, म्हणून कागदाला बोटं लावून ती ओठांना लावली. डिना बघत होती, ती हिब्रूत म्हणाली की आई, पोस्टाच्या कागदाला जंतू असतात.) आम्ही इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे, थंडीत ठणकतो का, लसणीचं तेल लावता की नुसतं फळीवर ठेवून विसरता, ते लिहावं. मेइर बंदरावर कामाला जातात, रोज उन्हाने लाल होऊन परत येतात. डिना पंधराची झाली. मी मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते, आणि भांडण मात्र दोघींना नीट समजतं.

पत्राला उशीर झाला त्याची माफी. पण आज लिहिते आहे ते तुमचे उपकार मानायला, आणि ते कसले, हे सांगायचं तर आधी आमच्या हॉटेलची लाँड्री सांगावी लागेल. गेले अकरा महिने मी तिथे टेंपररी होते. बारा महिने भरले की क्वियूत मिळते, म्हणजे आपण पर्मनंट होतो, मग सहजासहजी कोणी काढू शकत नाही. म्हणूनच पुष्कळांना अकराव्या महिन्यात शालोम म्हणतात. (या देशात माणूस आला तरी शालोम आणि घालवला तरी शालोम, तेव्हा कुठला ते समोरच्याच्या तोंडावरून ओळखावं लागतं.) माझ्याबरोबरच्या दोघी अशाच गेल्या. ठेवणं-काढणं सगळं त्स्वी नावाच्या माणसाच्या हातात. हा रोमानियाचा, उंच, कोरडा, कधी हसलेला कोणी पाहिला नाही. चादरीची घडी वाकडी दिसली की काही बोलत नाही, नुसती उलगडून आपल्या हातात देतो. मला वाटायचं, हा आपल्यालाही एक दिवस असाच उलगडून हातात देणार.

तर यंदा हनुक्काला, आपल्या आठ दिव्यांच्या सणाला, हॉटेलच्या कामगारांनी मुलांसाठी नाटक बसवलं. ऑफिसातली दालिया सगळं बघत होती. ग्रीकांना हरवणारा आपला वीर जुडा मक्काबी झाला होता त्स्वी, कारण त्याच्याकडे खऱ्या तलवारी आहेत, रोमानियाहून आणलेल्या दोन, बोथट, पातळ, मुठीला पितळी वाटी. त्याच्याशी लढून हरणारा ग्रीक सेनापती होता आमचा ट्रकवाला अमोस. पण गुरुवारी, म्हणजे तिसऱ्या दिव्याच्या दिवशी, मित्स्पे रामोनकडे पाऊस कोसळला, नाल्यांना पूर आला, रस्ता बंद आणि अमोस ट्रकसकट पलीकडे. आता ग्रीक कोण? अमोस ठेंगणा आणि पोटाने भरलेला. त्याचा अंगरखा मीच शिवलेला, आणि दुर्दैवाने सगळ्या हॉटेलात तो मलाच बसला. दालियाने माझ्या डोक्यावर स्वयंपाकघरातली चाळणी उपडी बांधली (तिला झाडूचे केस चिकटवून शिरस्त्राण केलं होतं), आणि त्स्वीने येऊन बजावलं की तीन वार, तिसऱ्याला मूठ सैल सोडायची, तलवार पडू द्यायची, गुडघे टेकायचे. मी हो म्हटलं. अकराव्या महिन्यात बाई दुसरं काय म्हणणार?

मामा, तुम्हाला आठवत असेल, पोलीस लाइनीमागच्या तालमीत तुम्ही जुडाभाऊ, नॅथन आणि सॉलोमन या लाइनीतल्या पोरांना फरी-गदका शिकवायचात, आणि जोडीला चौथा मिळेना म्हणून मला उभी केलीत. मामी किती चिडल्या होत्या, हिला कोण करून घेणार म्हणून. तुम्ही म्हणालात, मनगट बळकट झालं तर भाकऱ्या तरी बऱ्या थापेल. भाकऱ्यांचं सोडा. तीस वर्षांनी त्या गुरुवारी काय झालं ते ऐका.

पहिला वार त्स्वीने नाटकातला केला. दुसराही. मग त्याला काय झालं देव जाणे, मुलं ओरडत होती, दालियाचा अ‍ॅकॉर्डियन वाजत होता, आणि तिसरा वार त्याने मनापासून घातला, डाव्या खांद्यावर, थेट तुम्ही घालायचात तसा. माझ्या डोक्यात हेच चाललं होतं की मूठ सैल सोड, रिबेका, मूठ सैल सोड. पण हाताने डोक्याला विचारलंच नाही. त्याचं पातं माझ्या मुठीपर्यंत आलं, मनगट आतून बाहेर फिरलं, एक झटका बसला, आणि जुडा मक्काबीची तलवार दिव्यांवरून उडत जाऊन पिठीसाखर पेरलेल्या सुफगानियोतच्या परातीत पडली. (म्हणजे जॅम भरलेले मोठे गुलगुले. या सणाला इथे तेच खातात.)

अ‍ॅकॉर्डियन थांबला. ज्या विजयासाठी आपण दोन हजार वर्षं दिवे लावतो, तो मी लाँड्रीतल्या बाईने एका झटक्यात फिरवला होता. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने आईला विचारलं, "मग ग्रीक जिंकले का?" डिनाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. पण तालमीची सवय गेली नव्हती. मी जाऊन तलवार उचलली, जॅम अंगरख्याला पुसला, जमिनीला हात लावून कपाळाला लावला, आणि मूठ त्याच्याकडे करून तलवार परत दिली. मग आपण होऊन गुडघे टेकले आणि चाळणी खाली घातली. त्स्वीने माझ्या खांद्यावर अलगद पातं ठेवलं, दालियाने गाणं सुरू केलं, आणि ग्रीक एकदाचे हरले.

शुक्रवारी सकाळी ऑफिसातून बोलावणं आलं. मी एप्रन काढला, घडी करून बरोबर घेतला, म्हटलं परत मागायला नको. मेइरना काय सांगायचं तेही जिन्यात ठरवलं. त्स्वीने दार लावलं. टेबलावर दोन्ही तलवारी आणि एक कागद होता.

"कोणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"माझ्या मामांनी. ते हवालदार होते."

त्याने मोडक्या हिब्रूत सांगितलं (त्याचं हिब्रू रोमानियाचं, माझं ठाण्याचं, त्यामुळे शब्द थोडे आणि समज पुरेशी) की त्याचे वडील तलवारीचे मास्तर होते, आणि दोघे भाऊही खेळायचे. सगळे लढाईत गेले, तो एकटा उरला.

"वीस वर्षांत माझी तलवार कोणी पाडली नाही," तो म्हणाला. "पाडणारं कोणी उरलंच नव्हतं. तुमच्या मामांना माझा सलाम कळवा."

आणि हसला, मामा. मग त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. क्वियूत. सही मी कशी केली मला आठवत नाही. आजवर त्याने मला 'भारतातली' एवढंच म्हटलं होतं, आता पूर्ण नाव घेऊन हाक मारतो. जिना उतरताना मी रडले, त्यात तुमचं नाव पहिलं होतं. पोरीच्या जातीला कोणी काठी हातात देत नव्हतं तेव्हा तुम्ही दिलीत, आणि चुकले तेव्हा हसला नाहीत. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज लिहिते.

मेइर, डिना यांचा शालोम. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही हे पत्र वाचून दाखवायला हरकत नाही, चाळणीचं मात्र गाळावं.

तुमची भाची, आता पर्मनंट,
रिबेका मेइर रोहेकर

ता. क. मेइरनी क्वियूतचा कागद आत्ता नीट वाचला. वर तारीख ११ डिसेंबर आहे, बुधवारची, म्हणजे नाटकाच्या आदल्या दिवशीची. तेव्हा नोकरी चादरींच्या घड्यांनी मिळाली, तलवारीने नाही. तरी वर लिहिलेले उपकार मी परत घेत नाही.

ता. क. दुसरा. त्स्वीला पुरीमच्या सणाला पुन्हा लढायचं आहे, सगळ्यांसमोर. मला तो एकच डाव येतो. बाकीचे तुम्ही शिकवत असताना मामी मला आत बोलवायच्या. ते डाव चित्रं काढून विमानाच्या पोस्टाने पाठवावेत.

ता. क. तिसरा. चित्रं पाठवू नका. मनगटाचं काम कागदावर कळत नाही, ते हात धरूनच दाखवावं लागतं. मामी गेल्यापासून तुम्ही त्या खोलीत एकटे आहात. इथे डिनाच्या खोलीत दुसरी खाट मावते, मी मोजून पाहिली. मावेल असं डिनाच म्हणाली, आणि तेही मराठीत. मामा, तुम्हीच या.