पेरू, पोर्ट आणि बन्यामीन भाऊजींची साक्ष

मी, दयाबाई एलिया चक्रनारायण, विधवा, वय अडुसष्ट, धर्म ख्रिस्ती, धंदा पूर्वी मिशन बंगल्यातला स्वयंपाक व हल्ली आराम, राहणार शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दाबाखाली न येता लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलसाहेब म्हणतात की मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत.

कलम १. माझे दोन खोल्यांचे घर, परसातल्या कागदी लिंबाच्या झाडासह, पुतणी राहेल हिला मिळावे. मला मूलबाळ नाही. राहेल ही माझे धाकटे दीर बन्यामीन मास्तर यांची मुलगी, पण ती वाढली माझ्या चुलीपाशी. घराला हवा तो रंग द्यावा. स्वयंपाकघराची खिडकी मात्र बुजवू नये, तिथून कोण येते ते दिसते.

कलम २. पोस्टातली शिल्लकही राहेलचीच. माझी पेटी साधी असावी. नंतरचे जेवण साधे असू नये.

कलम ३. माझे यजमान कै. एलिया हे दौंड स्टेशनाच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये बटलर होते. त्यांचा काचेचा मोठा बाऊल व लांब दांड्याचा चमचा राहेलला द्यावा. मनमाडची गाडी उशिरा असली की साहेबलोक चिडत. मग एलिया ग्लासात थोडी पोर्ट वाईन, लिंबाचा रस व साखर घालून वरून गोटीच्या बाटलीतला सोडा ओतत. गाडी येऊन उभी राहिली तरी साहेब ग्लास सोडत नसत. मोठी मंडळी असली तर बाऊलमध्ये थंड कोरा चहा, पोर्ट, संत्र्याच्या फोडी आणि दोन लवंगा. पाद्रीसाहेबांसाठी हेच सगळे पोर्टशिवाय करत. तेही चांगले लागते असे एलिया सांगत, पण सांगताना तोंड वाकडे करत. राहेलने पोर्टच्या जागी मनुकांचा रस घालावा, कारण दारूबंदी आहे आणि तिच्याजवळ परवाना नाही.

लिंबू पिळायचा चिमटा मी हौसराव पाटलांना देणार होते. घोड नदीकाठची त्यांची पेरूची बाग मला दर हिवाळ्याला पेरू पुरवते, आणि पोपटांनी टोचलेले पेरू तेवढे नेमके माझ्याच टोपलीत येतात. पण हौसराव या कागदावर साक्ष करणार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्राखाली काही मिळत नाही असा कायदा आहे. म्हणून चिमटा मी कालच त्यांच्या हातात दिला.

कलम ४. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सरकारने मला दिलेला पोर्ट वाईनचा परवाना माझ्याबरोबर संपेल. तो वारशाने जात नाही. म्हणून बाटलीत काही उरणार नाही याची काळजी मी जिवंतपणीच घेते आहे.

कलम ५. पेरूची कृती राहेलला तोंडपाठ आहे, तरी लिहिते. पेरू पिकायला आलेले पण टणक घ्यावेत. साल काढून दोन फाका कराव्यात, बिया कोरून टाकाव्यात. साखरेच्या पाकात दालचिनी टाकून मऊ होईतो शिजवावेत. पोर्ट पातेले खाली उतरवल्यावर घालावी, चुलीवर घातली की वास उडून जातो. गार करून वर साय घालावी. अंजिरांना हेच करावे. संत्र्यांना शिजवू नये, नुसत्या चकत्या करून साखर व पोर्टमध्ये तासभर ठेवाव्यात.

कलम ६. आता बन्यामीन भाऊजींचे. भाऊजी आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच आहेत. दारूला त्यांनी जन्मात बोट लावलेले नाही. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत सगळे एकेक घोट घेतात त्याला, वाईन चालत नाही, मनुका उकळून गाळलेला रस चालतो, आणि तो रस वर्षानुवर्षे मीच करत असे. दौंडहून एलिया पोर्टच्या रिकाम्या बाटल्या आणत. त्यांची बुचे घट्ट, म्हणून रस मी त्यांतच भरत असे.

एकोणीसशे पन्नासच्या नाताळाआधी एलियांना छातीचे दुखणे लागले, परवाना मिळाला आणि पहिली भरलेली बाटली घरात आली. लोकांच्या नजरेला नको म्हणून एलियांनी तिचा कागद भिजवून काढला. रसाच्या बाटलीवर मात्र पोर्टचा जुना कागद तसाच होता. नाताळच्या पहाटे मी अंघोळीला गेले असताना भाऊजी रस न्यायला आले. फळीवर दोन बाटल्या. त्यांनी कागदाची बाटली बाजूला सारली आणि बिनकागदाची घेऊन गेले. उपासना झाल्यावर मला म्हणाले, "वहिनी, औंदाचा रस लई झ्याक झालाय."

दुपारी पेरू वाढताना रसाची कागदाची बाटली फळीवर तशीच दिसली, ती उघडली आणि उपासनेला पोर्ट गेल्याचे वासावरून समजले. तोच रस पेरूंवर ओतताना बाटलीवरचा पोर्टचा कागद जेवायला बसलेल्या भाऊजींनी पाहिला. ते पाटावरून उठले. "या घरात मी आता जेवायचा न्हाई," म्हणाले आणि गेले. पुढे रस करायचे कामही मंडळीने माझ्याकडून काढून घेतले. हल्लीचा रस पातळ असतो, हे मी वैराने म्हणत नाही.

एलिया हसून हसून खोकले आणि म्हणाले, सांगून टाक. मी सांगितले नाही. भाऊजींचा स्वभाव मला माहीत आहे. ते मंडळीसमोर उभे राहून पंचपद सोडून मोकळे झाले असते, आणि त्या पदावाचून त्यांना करमले नसते. आता एलिया नाहीत. भाऊजी चार घरे पलीकडे राहतात, तरी मला त्यांची आठवण येते. माझ्या घरी त्यांनी एकदा जेवावे, ही माझी इच्छा आहे, आणि ती मेल्यावर पुरी होऊन काय उपयोग? म्हणून काल राहेलकरवी त्यांना बोलावले. उंबऱ्याबाहेर उभे राहूनच त्यांनी सगळे ऐकले.

"म्हंजी मी प्यालो?"

"एक घोट, भाऊजी. तुम्हीच न्हेली व्हती बाटली."

"आन् पेरूत काय व्हतं?"

"मनुकांचा रस."

"दुसरं काईच न्हाई?"

"दालचिनी व्हती."

त्यांनी लिंबाच्या झाडाला टेकवलेली काठी उचलली. मग म्हणाले, "अकरा वर्सं, वहिनी." आणि काठी टेकत निघून गेले.

कलम ७. हा कागद आज रविवारी उपासनेनंतर माझ्या घरी वाचून सही व्हायचा आहे. दुसरा साक्षीदार म्हणून मी बन्यामीन भाऊजींचे नाव घातले आहे. साक्षीदार झाल्यामुळे त्यांना माझ्या मागे काहीच मिळणार नाही. त्यांना द्यायचे ते मला आजच वाढावे लागेल. पेरूंची दोन पातेली केली आहेत, एक पोर्टचे आणि एक मनुकांच्या रसाचे. दुसऱ्यावर पांढरे फडके बांधले आहे. भाऊजी आले नाहीत तर त्यांच्या नावापुढची जागा कोरी ठेवावी, दुसऱ्या कोणाची सही घेऊ नये. मृत्युपत्र त्यामुळे कच्चे राहिले तर राहो.

वरील सर्व मी वाचून घेतले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे, म्हणून खाली सही करते.

ठिकाण शिरूर, तारीख २६ नोव्हेंबर १९६१

दयाबाई एलिया चक्रनारायण

साक्षीदार:

१. हौसराव पाटील. दयाबाईंनी माझ्यासमोर सही केली. टोचलेले पेरू जास्त गोड असतात म्हणून पाठवत होतो, याची नोंद व्हावी.

२. बन्यामीन चक्रनारायण, निवृत्त शिक्षक. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. पांढऱ्या फडक्याच्या पातेल्यातले पेरू मी त्यांच्या पाटावर बसून खाल्ले, दोनदा वाढून घेतले. येत्या नाताळाचा रस वहिनींनीच करावयाचा आहे. बाटली मी हुंगून नेईन. तरी या मृत्युपत्राची त्यांनी कोणतीही घाई करू नये.