टाकी भरून ठेव

३ फेब्रुवारी, सकाळ
मोटरसायकल बंद पडली आणि घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय तिच्यातलं पेट्रोल पिते?
आता नमस्कार. नवी डायरी आहे म्हणून. पुन्हा करणार नाही.
मेकॅनिक म्हणाला, टाकीत पाणी गेलंय, आतून गंज धरलाय. सून लगेच म्हणाली, सासूबाई रोज बादली ओतून गाडी धुतात. धुते. या घरात धूळ दिसते कुणाला? आणि धुताना टाकीचं झाकण थोडा वेळ उघडं ठेवते. बंद डबा कुबट होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पाणी पंपवाल्यानं मिसळलं. मी तसं तोंडावर सांगितलं. मेकॅनिक पाना पुसत राहिला, म्हणजे पटलं त्याला.
त्याला वेळ पुढच्या आठवड्यात. नातीचं काम सोमवारी सुरू. घरोघर जाऊन आजाऱ्यांना इंजेक्शन, ड्रेसिंग. स्वतःची गाडी असेल तरच ठेवू, असं ऑफिसातल्या बाईनं बजावलंय. तेव्हा टाकी घरीच साफ होणार. मी करणार. जन्मभर तेलाचे डबे घासले, ही त्यांचीच बहीण.
ठराव: आरडाओरडा करायचा नाही.

संध्याकाळ
केला. मुलानं टाकी सोडवून अंगणात आणली, जुनं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, आणि शेजारचे आजोबा तोंडात पेटती विडी घेऊन बघायला आले. त्यांच्या सात पिढ्या काढल्या. गेले.

४ फेब्रुवारी
मुलानं टाकीत व्हिनेगर आणि मूठभर लोखंडी नट टाकले. म्हणाला, अधूनमधून हलवत राहा, बाकी काही करू नकोस. स्वतः कामावर गेला. नट नुसते लोळत होते, घासायचं नाव नाही. मी तारेची घासणी कापून आत टाकली.
संध्याकाळी टाकी उपडी केली. नट आले, घासणी आली नाही. मुलानं विचारलं, हे कुणी टाकलं. मी म्हटलं, तू लोखंड टाकलंस, मीही लोखंडच टाकलं. जेवण गार होईपर्यंत तो दोऱ्याला लोहचुंबक बांधून गळ टाकत बसला होता. चिडका आहे. बापावर गेलाय.

५ फेब्रुवारी
टाकी आतून लख्ख. मुलगा म्हणाला, घासणीमुळे नाही, व्हिनेगरमुळे. म्हणू दे.
जाताना सांगून गेला, सुकली की लगेच ताज्या पेट्रोलनं भरून ठेवा, ओल राहिली तर पुन्हा गंज धरेल. मी पेट्रोलला हात लावत नाही, वास जात नाही. टाकी उन्हात ठेवली, झाकण उघडून. सुनेला सांगितलं, टाकी भरून ठेव. साधं मराठी.
तिनं पाण्याची मोटर लावली. गच्चीवरची टाकी भरली, भरून वाहिली, आणि वाहत्या पाण्याचा पाइप उतरतो नेमका अंगणात, मी ऊन बघून ठेवलेल्या टाकीच्या डोक्यावर. धो धो.
सून म्हणते, या घरात टाकी म्हणजे पाण्याची, तुम्ही कुठे बोट दाखवलंत? बोट दाखवायला ती तान्ही आहे का?
पाणी ओतून टाकलं. आत कुठेतरी थोडं डुचमळत होतं. थोड्यानं काय होतं? वरून पेट्रोल मी सुनेकडूनच भरून घेतलं. मुलगा दमून आला, त्याच्या डोक्याला ताप नको म्हणून बोलले नाही. सुनेलाही बजावलं, बोललीस तर नाव तुझंच येईल.
मुलानं टाकी बसवली. गाडी सुरू झाली.

६ फेब्रुवारी
नातीनं गल्लीत चक्कर मारली. म्हणाली, आजी, मध्येच अडखळते गं. मी म्हटलं, नवी नवी बुजतेय, रुळेल.
ठराव: गल्लीतल्या सगळ्यांच्या टाक्या साफ करायला घ्यायच्या. दारावर पाटी लावायची. त्या मेकॅनिकला दिसेल एवढी मोठी.

७ फेब्रुवारी, सकाळ
नात इस्त्रीचे कपडे घालून निघाली. सिग्नलपर्यंतही पोचली नाही.
तिचा बापाला फोन आला. पेट्रोलची नळी काढली तर पाणी आणि लाल गाळ. ऑफिसातल्या बाईनं तिची सगळी घरं दुसऱ्या मुलीला देऊन टाकली. त्या मुलीकडे स्कूटर आहे. उद्या यायचं का, असं आमच्या पोरीनं विचारलं. बाई म्हणाली, नको.
मुलानं विचारलं, टाकीत पाणी आलं कुठून? मी म्हटलं, पंपवाल्याला विचार. त्यानं बायकोला विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पोळी उलटली. चिडले मी. गप्प राहून माणसाला असं बघायचं म्हणजे काय?
फाटक वाजलं. पोरगी गाडी ढकलत आली आहे. हेल्मेटही न काढता आजी, आजी म्हणून हाका मारते आहे. मी खोलीला आतून कडी घातली आहे. सुनेनं बाहेर जावं आणि काय ते उत्तर तिनंच द्यावं. टाकी भरायला मी तिलाच सांगितलं होतं.