लांब नाकाच्या गाड्यांची वाकळ

मी, सौ. आक्काताई ज्ञानू हळदीकर, वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. दम्याने छाती गेली आहे, डोके ठिकाणावर आहे. नावामागे सौ. कशाला, असे माझे दीर आण्णा विचारतीलच. आजवर तेच विचारत आले.

माझे पती ज्ञानू १९९२ साली स्वतःचा जुना, इंजिन पुढे असलेला लांब नाकाचा ट्रक घेऊन राधानगरीच्या वाटेने कोकणात गूळ पोचवायला गेले. ते आले नाहीत, गाडीही आली नाही. आण्णा म्हणाले, "वयनी, त्यानं तिकडं दुसरा संसार मांडला असंल. मेला म्हणा आन् मोकळ्या व्हा की." मला पटले नाही. माणूस लपेल, एवढे धूड कुठे लपणार? म्हणून मी गाडी शोधू लागले.

१. राहती खोली माझी एकुलती एक मुलगी अक्षता हिला द्यावी.

२. शिवणयंत्र शेजारीण बाळाबाई हिला द्यावे. कुठे नाकाची गाडी सडत पडली आहे असे कळले की ती भाकरी बांधून माझ्याबरोबर निघायची. एका गॅरेजवाल्याने विचारले, "मावशी, भंगार घ्याय आलाय व्हय?" बाळाबाई म्हणाली, "न्हाय रं, हिचा मालक हुडकाय आलोय." तो बिचारा चहा सांगायला पळाला.

३. आण्णांना काही देत नाही. त्यांना हवे होते ते खाली सहीत मिळेल. खांदा द्यायचा तर द्यावा, तोंड मात्र बंद ठेवावे.

४. पेटीतली वाकळ अक्षताची. आमच्या गाडीच्या केबिनला मी पिवळे, लाल फुलांचे पडदे शिवले होते. तीच खूण. प्रत्येक बेवारस गाडीत मी आधी पडदा बघायची, आणि तो दुसऱ्याच कुणा बाईने शिवलेला असायचा. त्यातला तुकडा कापून आणायची, धुवायची, वाकळेला जोडायची. नात मनाली झाली तेव्हा वाकळ भेट म्हणून घेऊन गेले. अक्षता म्हणाली, "आई, आता बास कर. बेवारस गाडीतलं माझ्या लेकरावर घालणार न्हाय मी." मला राग आला. अजून आहे.

तिला एक ठाऊक नाही. वाकळेचा शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा तुकडा घालतात, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. तो कोपरा मी पिवळ्या पडद्यासाठी उघडा ठेवला होता. आता मला चालवत नाही, आणि तसल्या गाड्याही भंगारात वितळून गेल्या. शोधायलाच काही उरले नाही.

त्यांचा एक शर्ट मी दर उन्हाळ्यात धुऊन, इस्त्री करून ठेवायची. आल्यावर अंगात घालायला हवा ना. तो काल कापला. भाकरी घातली आणि कोपरा शिवून टाकला.

अक्षता, वाकळ पुरी झाली. पांघरली नाहीस तरी चालेल, घरात ठेव. तेही जमणार नसेल तर माझ्याबरोबर जाळ.

कोल्हापूर, दि. १४ नोव्हेंबर २००६

सही: श्रीमती आक्काताई ज्ञानू हळदीकर

बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, त्याचे साक्षीदार:
नेमिनाथ उपाध्ये, कापड दुकानदार
गणपती शिंगे, निवृत्त पोस्टमन